एकदाच घातलेलं गाऱ्हाणं

पुणे,
२० जुलै २००४

तीर्थरूप तात्या,

साष्टांग नमस्कार घालायचा तर ऑफिसात दोन टेबलांमध्ये तेवढी जागा नाही, तेव्हा बसल्या जागेवरून हात जोडते. आई-बाबांशी फोनवर बोलणं होतंच, पण तुम्ही फोन कानाला लावून नुसतं "होय, होय" म्हणता आणि माझं एक अक्षर तुम्हाला ऐकू येत नाही, हे काकींनी मला केव्हाच सांगितलंय. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मी नोकरीत कायम झाले. मे महिन्यात तुम्ही विचारलं होतंत, "त्या मशीनीसमोर बसान तू नेमक्या करतंस काय?" तेव्हा मी काजू खात होते, म्हणून उत्तर राहिलं. तर ऐका. एका प्रवासी कंपनीच्या बसगाड्यांचं तिकीट आता घरबसल्या इंटरनेटवरून काढता येतं. ते ज्या प्रोग्रॅममुळे होतं तो आम्ही जावा नावाच्या भाषेत लिहिलाय. यंदा अधिक महिन्यामुळे गणपतीची चवथ उशिरा आहे, तरी कोकणातल्या गाड्या आत्ताच भरत आल्यात.

आणि इथेच घोळ आहे. लोकांना "गाडी भरली" असं दिसतं आणि प्रत्यक्षात गाडी निघते तेव्हा चार-पाच जागा रिकाम्या. दोष कुठे आहे ते शोधायचं काम माझ्याकडे आलंय. आमचा प्रोग्रॅम दिवसभर काय काय करतो ते तो स्वतःच एका फाईलीत लिहून ठेवतो, तिला लॉग फाईल म्हणतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख, वेळ, आणि पुढे काय घडलं ते. पण आमच्याकडच्या एका अतिहुशार माणसाने सगळंच्या सगळं एकाच फाईलीत लिहायची व्यवस्था करून ठेवलीय. तिकीट काढणारे, तिकीट रद्द करणारे, नुसतेच गाडीचे फोटो बघणारे, सगळ्यांच्या ओळी एकात एक. रोज लाखभर ओळी होतात. मी त्या वाचता वाचता मालवणला पोचेन.

पण खरंच पोचेन की नाही, हीच धाकधूक आहे. आमच्या प्रमुख तेजस्वी मॅडमनी सरळ सांगितलं, दोष सापडल्याशिवाय चवथीची रजा नाही. तात्या, मी आजवर एकही चवथ चुकवलेली नाही, गोवर आला होता तेव्हाही मी घोंगडी पांघरून आरतीला उभी होते. यंदा चुकली तर मला फार वाईट वाटेल. देवळात तुम्ही गाऱ्हाणं घालाल तेव्हा माझंही एक घाला.

तुमची,
उर्वशी


तोंडवली,
२८ जुलै २००४

चिरंजीव उर्वशी,

अनेक आशीर्वाद. नोकरी कायम झाल्याबद्दल तुझ्या काकीने शेजारच्या चार घरांत घावणे वाटले आणि उरलेले मला दिले. फोनवर मला ऐकू येत नाही ही गोष्ट खोटी आहे. लोक हळू बोलतात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मशीनीचं मला कळत नाही, पण सगळ्यांच्या गोष्टी एकात एक झाल्या की काय होतं ते मात्र पक्कं ठाऊक आहे. तुला एक हकिकत सांगतो. आपल्या वाडीतली नाही, शेजारच्या वाडीतली आहे. तिथेही आपल्यासारखंच, चवथीच्या दिवशी सगळी घरं नारळ घेऊन देवळात जमतात आणि एक म्हातारा सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. कोणाला काय हवं ते आधी त्याच्या कानात सांगायचं, मग तो एका दमात सगळ्यांचं देवापुढे मांडतो आणि मंडळी "होय म्हाराजा" म्हणतात. गेल्या वर्षी त्याच्या कानात दोन मागण्या एकामागून एक आल्या. महादूच्या मुलीचं लग्न जमावं आणि भिकाजीची म्हैस सुखरूप व्यावी. म्हातारा देवापुढे उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "भिकाजीच्या म्हशीक वर्साच्या आत बरो घोव गावांदे, आणि महादूच्या चेडवाक पैल्या वेताक रेडी जांवदे!"

आणि मंडळी सवयीने "होय म्हाराजा" म्हणून मोकळी झाली.

महादू चार महिने त्या म्हाताऱ्याशी बोलत नव्हता. मुलीचं लग्न वैशाखात झालं, म्हणजे देवाला बरोबर समजलं होतं. पण देवाला समजतं म्हणून आपण कसंही बोलावं असं नाही. तुझ्या मशीनीत तर देवही नाही. तेव्हा माझा सल्ला असा, की एकेकाचं गाऱ्हाणं वेगळं कर. तिकीट काढणाऱ्यांचं एका जागी आणि रद्द करणाऱ्यांचं दुसऱ्या. फोटो बघणाऱ्यांना तर देवळाच्या बाहेरच बसव.

सोबत पार्सलमध्ये सोलं आणि सुके बांगडे पाठवले आहेत. बांगडे ऑफिसात उघडू नकोस.

तुझा,
तात्या


पुणे,
६ ऑगस्ट २००४

तीर्थरूप तात्या,

नमस्कार. पार्सल ऑफिसच्याच पत्त्यावर आलं. मी उघडलं नाही, पण त्याची गरजही पडली नाही. दारावरच्या रखवालदारापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं की उर्वशीच्या घरून काहीतरी आलंय.

म्हशीच्या नवऱ्याची गोष्ट मी तेजस्वी मॅडमना सांगितली. एरवी त्या महिन्यातून एकदा हसतात, त्या दिवशी पाणी प्यावं लागलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "काका बरोबर सांगतायत. कर वेगळ्या फाईली."

आमच्या प्रोग्रॅमचे भाग असतात, आणि प्रत्येक भागाला आपापला लिहिणारा नेमता येतो. त्याला लॉगर म्हणतात. कोणत्या लिहिणाऱ्याने कोणत्या फाईलीत लिहायचं ते एका छोट्या सेटिंगच्या फाईलीत सांगून ठेवायचं. मी तीन नेमले. पहिला तिकीट काढणाऱ्यांचं लिहिणार, दुसरा रद्द करणाऱ्यांचं, आणि तिसरा फक्त चुका. फोटो बघणारे तुमच्या हुकमाप्रमाणे बाहेर. दोन दिवसांत काम झालं. आता रद्द झालेल्या तिकिटांची फाईल उघडली की घोळ सापडलाच म्हणून समजा.

मी तर पिशवीसुद्धा काढून ठेवलीय. काकींना सांगा, करंज्यांचं सारण मी आल्याशिवाय भरू नका.

एक विचारायचं राहिलं. त्या शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं? यंदाही तोच गाऱ्हाणं घालणार का?

उर्वशी


तोंडवली,
१७ ऑगस्ट २००४

प्रिय उर्वशीस काकीचे आशीर्वाद.

हे पत्र तात्यांना न सांगता लिहिते आहे. चौथीपर्यंतची मराठी आठवेल तशी लिहिते, हसू नको.

शेजारच्या वाडीत कोणी म्हातारा नाही. म्हशीला नवरा मागितला तो आपल्याच देवळात, आणि मागणारे आपलेच तात्या. गेल्या चवथीला तू बाहेर मुलींबरोबर फुगड्या घालत होतीस म्हणून तुला कळलं नाही. मी सगळ्या वाडीला बजावलं होतं की पोरीला सांगायचं नाही, तिच्यापुढे त्यांना लाज वाटेल. महादू चार महिने बोलला नाही हेही पूर्ण खरं नाही. तो दुसऱ्याच दिवशी आला होता. हेच घराबाहेर पडत नव्हते.

चाळीस वर्षं गाऱ्हाणं घातलं, कधी एक नाव चुकलं नाही. आता वय झालं. तुझं पत्र आलं त्या रात्री जेवताना म्हणाले, "ह्या वर्सा शेवटचा. मगे मी नारळाक हात लावचंय नाय." बाकी कोणाला ते सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच सांगणार. पण रोज सकाळी पडवीत बसून बोटांवर दिवस मोजतात, आणि मी विचारलं तर म्हणतात भरती-ओहोटी मोजतो आहे.

तू यायला हवंस, उर्वशी. मला दुसरं काही सांगायचं नाही. सारण भरलेलं नाही.

सत्यवती काकी


पुणे,
२४ ऑगस्ट २००४

तीर्थरूप तात्या,

आज मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती देताना मान खाली आहे असं समजा.

सगळं एकाच फाईलीत लिहिणारा तो अतिहुशार माणूस मीच. गेल्या वर्षी नवीन असताना ती व्यवस्था मी केली होती, आणि तेव्हा मला वाटलं होतं की आपण फार सोपं काम केलं. तुम्ही मला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलंत, चुकलं की पुसून पुन्हा काढायला लावायचात, पण कधी हसला नाहीत. म्हणून तुम्हाला सांगायची जास्तच लाज वाटली. माणसाने केलेल्या कामात चूक होते, तात्या. मला आता एवढंच वाटतं की चूक झाली म्हणून काम सोडायचं नसतं, काम करायची रीत बदलायची असते.

आणि रीत बदलूनही घोटाळा झालाच. तीन फाईली वेगळ्या केल्या खऱ्या, पण जुन्या मोठ्या फाईलीतही सगळं पूर्वीसारखंच येऊन पडतंय. तेजस्वी मॅडमनी एके दिवशी सगळ्या फाईलींमधली तिकिटं एकत्र छापून काढली, तर प्रत्येक तिकीट दोनदा. एकच जागा दोघांना विकली असं समजून त्यांनी बसवाल्या कंपनीला फोन केला, तिकडे मालक हादरला, आणि संध्याकाळी कळलं की जागा एकदाच विकलीय, फक्त लिहिली दोनदा गेलीय. तेव्हापासून माझ्या फाईलींवर कोणाचा विश्वास नाही. जे लिहिलंय त्यातलं खरं किती, हेच ठरवता येत नाही तर मूळ दोष काय शोधणार?

माझी रजा मॅडमनी कागदावरून खोडलीय. वर कोकणातल्या सगळ्या गाड्या भरल्या. आमचाच प्रोग्रॅम मला रोज सांगतो, जागा नाही.

तुमच्यासाठी मात्र एक सुचवते. नारळी पौर्णिमेला समुद्रावर बावीस होड्यांचं गाऱ्हाणं तुम्ही घालता. यंदा प्रत्येक होडीवाल्याकडून एक वेगळी चिठ्ठी लिहून घ्या आणि वाचून दाखवा. तुमचं अक्षर आणि तुमचा चष्मा दोन्ही उत्तम आहेत. शेजारच्या वाडीतल्या त्या म्हाताऱ्यालाही हे सांगून बघा.

उर्वशी


तोंडवली,
१ सप्टेंबर २००४

चिरंजीव उर्वशी,

आशीर्वाद. तो शेजारच्या वाडीतला म्हातारा मीच. तू तुझं सांगितलंस, मग मी माझं लपवून ठेवलं तर चांगलं दिसणार नाही. तुझ्या पत्रावरून मला असा संशय येतो की तुला ते आधीच ठाऊक होतं. घरात चौथी शिकलेली एकच बाई आहे, तेव्हा चौकशी केलेली नाही.

आता पौर्णिमेची गंमत ऐक. तुझी सूचना मी मानली. सकाळी बावीस चिठ्ठ्या गोळा केल्या, क्रमाने लावल्या आणि किनाऱ्यावर उभा राहिलो. होड्यांना हार घातलेले, बायका नव्या लुगड्यांत, पोरं नारळावर डोळा ठेवून. मी एकेक चिठ्ठी वाचली. भिकाजीच्या होडीला जाळं फाटू नये, महादूच्या होडीला सुरमई लागावी, कोणाचं इंजिन, कोणाचा मुलगा. एकही नाव चुकलं नाही. बाविसावी चिठ्ठी वाचून झाली तेव्हा महादू मोठ्याने "होय म्हाराजा" म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. मला फार बरं वाटलं, उर्वशी. डोळ्यांत पाणी आलं, ते मी खाऱ्या वाऱ्यावर ढकललं.

तिथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण चाळीस वर्षांची सवय. शेवटी सगळ्या वाडीचं मिळून एक गाऱ्हाणं घालायचंच, ते मी सुरू केलं, आणि त्यात पुन्हा पहिल्या होडीपासून बाविसाव्या होडीपर्यंत सगळं आलं. समुद्राला माझी वाट बघायची सवय नाही. भरती चढत होती. पंधराव्या होडीला पाणी घोट्याला लागलं, अठराव्या होडीला ढोपराला. बायकांनी लुगडी वर धरली. नारळाची परात तरंगत निघाली, ती पोरांनी धरून आणली. शेवटी तुझी काकी सगळ्यांसमोर म्हणाली, "अवो, चिठ्येत सांगितल्यात मां एकदा? मगे तांच परत वरसून कित्या सांगतास? देव काय भैरो आसा?"

सगळी वाडी हसायला लागली आणि नारळ दोन हातांवरच समुद्रात सोडावे लागले. लांब जायची गरजच उरली नव्हती.

तर चिठ्ठीत सांगितलेलं वरून परत सांगायचं नाही, हा धडा मी शिकलो. चवथीला देवळात पंचवीस घरांच्या पंचवीस चिठ्ठ्या असतील, आणि शेवटी मी फक्त हात जोडणार. तू असतीस तर बघितलं असतंस. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. काम आधी.

हे शेवटचं वाक्य काकीने वाचलं आणि म्हणाली खोटं आहे. आहे.

तात्या


पुणे,
७ सप्टेंबर २००४

तात्या,

नमस्कार घालायचा राहिला तर माफ करा, पत्र धावत लिहितेय.

तुमचं पत्र मी डबा खाताना वाचलं आणि डबा तसाच टाकून उठले. चिठ्ठीत सांगितलेलं तेच परत वरून कशाला सांगायचं? आमच्या फाईलींत नेमकं हेच होत होतं. आमच्या लिहिणाऱ्यांमध्ये एक सगळ्यांच्या वरचा असतो, वाडीचं मिळून गाऱ्हाणं घालणारा म्हणा. खालच्याने आपल्या फाईलीत काहीही लिहिलं की ते आपोआप वरच्याकडेही जातं, आणि तोही आपल्या मोठ्या फाईलीत तेच लिहितो. ही त्याची जन्मापासूनची सवय. नको असेल तर सेटिंगमध्ये तसं लिहून ठेवावं लागतं. प्रत्येक भागासाठी एक ओळ, अ‍ॅडिटिव्हिटी, आणि पुढे फॉल्स. म्हणजे, इथे सांगितलंय, वर परत सांगू नये. मला हे माहीतच नव्हतं. तीन ओळी लिहिल्या, मशीन पुन्हा चालू केलं, आणि प्रत्येक तिकीट एकदाच, आपापल्या फाईलीत.

मग मूळ दोष सापडायला अर्धा तासही लागला नाही. आता लिहिलेल्यावर विश्वास ठेवता येत होता, आणि रद्द झालेल्यांची फाईल जेमतेम दोन पानांची होती. त्यात स्पष्ट दिसलं, की दोघांचं तिकीट रद्द झालं तर आमचा प्रोग्रॅम एकच जागा सोडत होता. दुसरी जागा कोणाचीच नाही आणि तरी भरलेली. मी आणि मॅडमनी मिळून ते दुरुस्त केलं. कोकणातल्या गाड्यांमध्ये एका दुपारी त्रेचाळीस जागा मोकळ्या झाल्या, तात्या. त्रेचाळीस माणसं चवथीला घरी जाणार. मला उगाचच वाटतंय की त्या सगळ्यांना मीच घेऊन येतेय.

मॅडमनी रजेच्या कागदावर माझं नाव पुन्हा लिहिलं. म्हणाल्या, "काकांच्या काकींना माझा नमस्कार सांग." मी म्हटलं, त्या काकांच्या काकी नाहीत, काकांची बायको आहेत. त्या म्हणाल्या, "जी असेल ती. तिला कामावर ठेवायला हवं."

जागेसाठी मी रांग मोडली नाही. घरी जाऊन, सगळ्यांसारखं, साध्या दारातून तिकीट काढलं. शेवटच्या बाकावरची जागा मिळाली, सदतीस नंबरची. प्रत्येक खड्डा मला आधी कळेल. सोळा तारखेला निघते, सतराला सकाळी कणकवलीत उतरून पुढची एसटी.

काकींना सांगा, सारण भरायला घ्या. नको, थांबा. मी आल्यावर.

उर्वशी


तोंडवली,
२६ सप्टेंबर २००४

चिरंजीव उर्वशी,

आशीर्वाद. तू गेल्यावर घर रिकामं वाटतं. काल काकीने उरलेल्या करंज्या मोजल्या आणि माझ्यावर आरोप केला. मी तुझं नाव सांगितलं आहे, कोणी विचारलं तर सांभाळून घे.

वाडीत अजून चवथीच्याच गोष्टी चालू आहेत. पंचवीस चिठ्ठ्या, पंचवीस घरं, आणि शेवटी नुसते जोडलेले हात. पाव तासात सगळं आटोपलं म्हणून भजनी मंडळी माझ्यावर खूश आहेत. भिकाजीने यंदाही म्हशीचंच मागितलं, आणि चिठ्ठीवर मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "नवरा नको." ते मी तसंच वाचलं. सगळ्यात मोठ्याने महादू हसला.

काकीने तुला काय सांगितलं होतं ते तू जाताना मला सांगितलंस. तेव्हा आता लपवण्यासारखं काही नाही. यंदाचं शेवटचं असं मी म्हणालो होतो, पण चष्मा आहे, अक्षर आहे, तोवर चिठ्ठ्या वाचायला हरकत दिसत नाही. महादू म्हणाला, पुढच्या वर्षीही तूच. मी होय म्हटलं.

आता राहिली एक गोष्ट. देवळात तू मला विचारलंस, "तात्या, खिशात एक चिठी शिल्लक आसा, ती वाचूक नाय?" मी म्हटलं ती वाण्याची यादी. ती वाण्याची यादी नव्हती. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ती लिहिली आणि एकटाच देवळात जाऊन वाचली. तुझ्यासाठी गाऱ्हाणं घाला म्हणाली होतीस ना. चवथीला ती पुन्हा वाचायचं कारण नव्हतं. चिठ्ठीत सांगितलेलं वरून परत सांगायचं नाही, हे आपण दोघांनी मिळून शिकलेलं आहे. ती आता तुझ्याकडे असू दे, म्हणून सोबत पाठवतो. मागची बाजूही बघ. तुझ्या मशीनीच्या रीतीने लिहायचा प्रयत्न केला आहे.

तुझा,
तात्या

(सोबतची चिठ्ठी)

बा देवा म्हाराजा, आमच्या चेडवाच्या कामात जो काय घोळ झालो आसात, तो सोडय. चेडू चवथीक घराक येवंदे. ह्यां मी तुका एकदाच सांगतंय.

(मागच्या बाजूला)

१७ सप्टेंबर २००४, सकाळी ८ वाजून १० मिनिटं. चेडू घराक इलां.